दत्तोबाचं फिरतं कुंपण

"दोरी हाय का?"

दत्तोबाला माणूस भेटला की रामराम नंतर, आधी हा सवाल. इंदापूरच्या स्टँडवर एकानं यंदा शेततळं मंजूर झालं म्हणून पेढा पुढं केला, तर दत्तोबानं पेढा तसाच हातात धरून विचारलं, "दोरी हाय का?" लग्नाच्या मांडवात, अक्षता पडायच्या आधी, त्यानं नवरीच्या मामाला बाजूला घेऊन हेच विचारलेलं. ज्याच्या रानात तळं नाही त्यालाही विचारायचा. लोक हसत. पोरं लांबून ओरडत, "आबा, हाय दोरी, दोन हायेत!" तो तेही खरं मानायचा, मान हलवायचा आणि पुढं जायचा. माघारी त्याचं नाव दोरीआबा पडलं होतं.

हसत नव्हती ती एकटी त्याची सून, स्वरूपा. तो सवाल कुठून आला हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. दत्तोबाच्या तोंडून तो निघाला की ती आधी आपली पोर कुठं आहे ते बघायची.

त्यांची वस्ती निरवांगीच्या शिवारात, माळाच्या अंगाला. नीरा तिथून फार लांब नाही, पण नदी जवळ असली म्हणून सगळ्याच रानांना पाणी मिळतं असं नाही. कालव्याचं पाणी शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत आटून जायचं. दत्तोबाची डाळिंबाची बाग कितीतरी उन्हाळे टँकरवर जगलेली. मुलगा सुमित माळेगावला कारखान्यावर नोकरीला, हंगामात आठवड्यातून एकदा घरी यायचा. बायको वारलेली. घरात सासरा, सून आणि चार वर्षांची ओवी, एवढीच माणसं.

तळं आलं ते स्वरूपाच्या मोबाईलवरून. ती बावड्याला बारावीपर्यंत शिकलेली. शेततळ्याच्या अनुदानाचा अर्ज तिनंच भरला आणि सोडतीत नंबर लागल्याचा मेसेजही तिच्याच हातात वाजला. त्या दिवशी तिनं शिरा केला होता. पुढं कितीदा तरी तिच्या मनात आलं, हे पाणी घरात मीच आणलं.

खोदाई झाली, चहूबाजूंनी बांध उभा राहिला आणि कागद टाकायचा दिवस आला. कागद म्हणजे जाड काळं प्लास्टिक. ते तळ्याला आतून लावलं की पाणी मुरत नाही. ते ओढायला वस्तीवरची सगळी माणसं लागतात आणि सगळी अनवाणी लागतात, कारण चपलेच्या तळाला अडकलेला एक खडा कागदाला भोक पाडू शकतो. दत्तोबा बांधाच्या पायथ्याशी उभा राहून ज्याच्या त्याच्या चपला काढवत होता. त्या दिवशी कुणी पाहुणा आला तरी त्यानं आधी त्याच्या पायांकडं पाहिलं. तेव्हापासून त्या घरची रीतच होऊन गेली. तळ्यावर चढायचं तर चपला खाली, जोडीनं, देवळाबाहेर ठेवतात तशा. ओवीनंही ती रीत उचलली. तिला कुणी शिकवलं नाही, तिनं बघून घेतलं.

अनुदानाचा शेवटचा हप्ता मिळायचा तर तळ्याभोवती जाळीचं कुंपण पाहिजे, योजनेचा फलक पाहिजे आणि दोन्ही दिसतील असा फोटो साहेबांनी जागेवर येऊन काढला पाहिजे. दत्तोबानं बारामतीहून जाळी आणली, लोखंडी खांब आणले. फलकाचा खांब त्यानं काँक्रीटात पक्का केला. कुंपणाचे खांब मात्र नुसत्या मातीत ठोकले, पहारीनं निघतील असे. कारण शेजारच्या वस्तीवरच्या मानसिंगनं आधीच शब्द टाकला होता. "दत्तोबा, तुझा फोटो झाला का जाळी इकडं दे. माझं झालं का अप्पाला देऊ. एवढ्या जाळ्या इकत घेऊन कुठं ठेवायच्या?"

हे ऐकून दत्तोबाच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो स्वरूपाला आधी समजलाच नाही. मग हळूहळू समजला. दत्तोबाची हयात सावडीत गेली होती. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक, जोडी जमवून आधी याचं रान नांगरायचं, मग त्याचं. बैलाला चारा कुणी घालायचा, कुणाचं रान आधी, यावरून भांडणंही व्हायची, पण सावड मोडायची नाही. दत्तोबाचा बैल मागितला आणि मिळाला नाही असं पंचक्रोशीत कुणी म्हटलेलं नव्हतं. पुढं ट्रॅक्टर आले, बैल बाजारात गेले आणि दत्तोबाच्या दारात मागायला येणारं कुणी उरलं नाही. तो पारावर बसायला लागला, आणि पारावर बसलेला माणूस लवकर म्हातारा होतो.

आपल्या तळ्याचा फोटो झाला आणि जाळीनं त्याला पुन्हा कामाला लावलं. जाळी गुंडाळायची एक तऱ्हा असते. ओढून गुंडाळली तर घड्या पडतात, सैल गुंडाळली तर गुंतते. दत्तोबाची गुंडाळी चटईसारखी व्हायची. तो स्वतः ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जाळीवर बसून जायचा, खांब ठोकायचा, घरातल्या जाड दोरीनं जाळी ताणून घ्यायचा. मग साहेब येत, फोटो होई, त्या घरी जेवण होई. कुणाच्याही मनात आपण काही खोटं करतोय असं नव्हतं. मागणाऱ्याला वस्तू द्यायची आणि त्याचं काम झालं की पुढच्याला, एवढंच सगळ्यांना माहीत. मानसिंगचं तळं अजून व्हायचं होतं म्हणून जाळी आधी अप्पाकडं गेली, अप्पाकडून लक्ष्मीबाईकडं, तिथून आणखी कुणाकडं. परत यायची, पण दत्तोबाच्या तळ्यावर नाही. वाटेत कुणाचातरी फोटो राहिलेलाच असायचा.

आणि इकडं तळं उघडं.

तुम्ही कागदाचं तळं भरलेलं पाहिलं असेल तर ठाऊक असेल. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, धरायला एखादं उंबराचं मूळ असतं. नदीला वाळू असते. कागदाच्या तळ्याला काही नसतं. वरून ते आरशासारखं शांत आणि आतून चहूबाजूंनी घसरडा उतार. पाणी दोन महिने उभं राहिलं की त्या उतारावर शेवाळ येतं आणि मग तिथं माशीचाही पाय टिकत नाही. स्वरूपा बागेत काम करायची तेव्हा तिची पाठ तळ्याकडं असली तरी कान तिकडंच असायचे. बेडकानं उडी मारली तरी ती वळून बघायची.

एका सकाळी तळ्यात कोल्हा तरंगताना दिसला. पाणी प्यायला उतरला असावा. त्याच्या नखांचे ओरखडे शेवाळात वरपर्यंत होते, एका बाजूला नाही, चारी बाजूंनी. तो सगळीकडून वर यायला बघत होता. स्वरूपानं ते ओरखडे पाहिले आणि ती तशीच सासऱ्याकडं गेली.

"आबा, जाळी आणा माघारी," ती म्हणाली.

"आणतो की. मानसिंगचा फोटो ऱ्हायलाय तेवढा."

"तवर बाभळीच्या काट्या लावू बांधावर. माझ्या माहेरी रानाला काट्याचंच कुंपण हाय."

दत्तोबा चमकला. "काट्या? तळ्यावर? आगं, वाऱ्यानं एक काटा आत गेला तर कागद चाळणी हुईल. मग बाग कशावर जगवायची, तुझ्या माहेरच्या इहिरीवर?"

"कोल्ह्याचं बघितलं न्हवं तुमी?"

"कोल्ह्याला काय अक्कल अस्ती व्हय? आपली पोरगी शानी हाय."

ती गप्प बसली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढं वाटत राहिलं. पण तेव्हा तिलाही कागदाची काळजी होतीच. बागेवर फळ धरलेलं होतं.

ती दुपार अशीच होती, इतर दुपारींसारखी. स्वरूपा डाळिंबाच्या फळांना उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून झाडांवर जुनी लुगडी टाकत होती. ओवी मघापर्यंत तिच्याजवळ मातीचे लाडू करत होती. दत्तोबा मानसिंगच्या तळ्यावर जाळी बसवून नुकताच परत आला होता, हातपाय धुवायला हौदाकडं चालला होता. स्वरूपा वळली तर लाडू होते, ओवी नव्हती.

"ओवी!"

उत्तर आलं नाही. तिनं गोठ्याकडं पाहिलं, घराच्या दाराकडं पाहिलं. मग तिची नजर आपोआप तळ्याकडं गेली. बांधाच्या पायथ्याशी दोन गुलाबी चपला होत्या. जोडीनं ठेवलेल्या. नीट.

त्या कशाही पडलेल्या असत्या, एक इथं एक तिथं असत्या, तर ती एवढी घाबरली नसती. त्या नीट ठेवलेल्या होत्या. म्हणजे पोर वर गेली होती.

ती ओरडली ते कुणाचं नाव होतं हे तिला आठवत नाही. दत्तोबा धावला, बांधावर चढला, खाली पाण्याकडं पाहिलं आणि सदऱ्यासकट आत उडी टाकली. तो विहिरीत पोहून वाढलेला गडी, पाण्याला भीत नव्हता. बुडी मारली, वर आला, पुन्हा बुडी मारली. पाणी ढवळून हिरवं झालं. प्रत्येक वेळी त्याचं डोकं वर यायचं तेव्हा स्वरूपा त्याच्या हातांकडं बघायची आणि हात रिकामे असायचे.

"दिसंना!" तो ओरडला. "हाताला लागंना काय!"

त्याला दम लागला. तो काठाकडं आला, हात टेकवला आणि घसरला. दुसऱ्या बाजूला गेला, गुडघा टेकवला, तिथूनही सरकत पाण्यात गेला. आता तो पोहत नव्हता, नुसतं तोंड वर ठेवत होता. त्याची बोटं शेवाळात रेघा ओढत खाली येत होती. स्वरूपानं त्या रेघा ओळखल्या.

"सूनबाई," तो खालून म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "दोरी हाय का?"

दोरी नव्हती. घरातली जाड दोरी मानसिंगच्या तळ्यावर होती, जाळी ताणायला नेलेली. दत्तोबाच तिथं विसरून आला होता.

स्वरूपा बागेत पळाली. डाळिंबाच्या बुंध्यांशी ठिबकची काळी नळी होती. ती तिनं ओढली, झाडांच्या फांद्या मोडल्या, फळं गळाली, ती ओढतच राहिली. एक पदर तुटेल म्हणून दुहेरी केली, पीळ दिला. एक टोक फलकाच्या खांबाला बांधलं. कुंपणाचे खांब जाळीबरोबर गेले होते, फलकाचा तेवढा काँक्रीटात होता. दुसरं टोक तिनं खाली टाकलं.

दत्तोबानं नळी मनगटाला गुंडाळली. ती ताणली, लांबली, स्वरूपाला वाटलं सुटली. त्यानं पोट उताराला चिकटवलं आणि सरड्यासारखा इंच इंच वर आला. वर आल्यावर तो बसला नाही. गुडघ्यांवरच उलटा फिरला आणि पुन्हा पाण्याकडं बघायला लागला.

"परत जातो," तो म्हणाला. "नळी धर."

"आबा, न्हाई!"

"सोड मला. पोर आत हाय."

तेवढ्यात बांधाच्या पलीकडच्या अंगाला गोठ्याच्या पडवीतून झोपाळू तोंडानं ओवी बाहेर आली. गालाला कडबा चिकटलेला. ती बांधावर चढून, पाण्यात खडे टाकून, पाय भाजले म्हणून दुसऱ्या बाजूनं उतरून कडब्यात जाऊन झोपली होती. दोघं तिच्याकडं बघत राहिले. तिला वाटलं आपल्याला रागावणार, म्हणून ती आधीच म्हणाली, "आबा, मी कागदाजवळ चप्पल न्हाय घातली. खाली ठिवली."

दत्तोबा तिथंच, ओल्या अंगानं, मातीत बसला. रडला नाही. त्यानं ओवीला जवळ ओढलं आणि तिच्या गालावरचा कडबा काढायला लागला.

पुढचे काही दिवस तो जेवला ते जेवणावर नजर न ठेवता. सुमित आला, त्यानं विचारलं, तर दत्तोबा उठून तळ्याच्या बांधावर जाऊन बसला. एका सकाळी मात्र कोयता आणि टोकाला फाटा असलेली बेळक्याची लांब काठी घेऊन ओढ्याकडं गेला, आणि दुपारपर्यंत वेड्या बाभळीच्या काट्या ओढून आणल्या. बेळक्यानं दाबून दाबून त्या बांधाभोवती लावल्या, माणसाच्या छातीइतक्या उंच.

"कागदाचं?" स्वरूपानं विचारलं.

"फाटंल तर फाटंल."

ते काम चालू असतानाच दादासाहेब ट्रॅक्टर घेऊन आला. ओढ्यापलीकडचा बागायतदार, सुमितच्या वयाचा, हसतमुख, गडबड्या. त्याचंही तळं भरलं होतं.

"आबा, चला, बसा ट्रॉलीत. मानसिंगतात्यांचा फोटो झाला. आता माझा नंबर. जाळी काढू."

"जाळी न्हाय निघायची आता," दत्तोबा म्हणाला. हातातलं काम त्यानं थांबवलं नाही.

"म्हंजी?"

"मानसिंगच्या दारात चार नातवंडं हायती. जाळी तितंच ऱ्हाऊ दे. तू तुझी घे."

दादासाहेबाला आधी ती थट्टा वाटली. "आवं, जाळी तुमची का मानसिंगतात्यांची? आन् घेऊ की मी. पैलं अनुदान हातात पडू द्या. फोटोला साहेब परवा यायचेत, जाळी काय मी परवापातुर विणू?"

"फोटो नंतर काढ."

"व्हय, साहेब माझा मेव्हणाच लागतो!" तो खाली उतरला. आवाजातलं हसू गेलं. "आबा, सगळ्यांना दिली आन् माझ्यावरच आली व्हय? बरं. मग साहेब आले का मी सांगतो, का एकच जाळी सगळ्या तळ्यांवर फिरली. फोटोतली जाळी बघा म्हणतो, एका जागी तार मोडल्याली हाय, ती सगळ्या फोटोंत दिसंल. वसुली लागली तर पैली कुणाच्या सातबाऱ्यावर चढंल? जाळी ज्याची त्याच्या."

स्वरूपानं दत्तोबाकडं पाहिलं. सातबारा म्हणजे त्या माणसाचा जीव होता. सावकार, बँक, कोर्ट, कशाचीही रेघ त्यानं त्यावर पडू दिली नव्हती. तलाठ्याच्या दारात उभं राहायचं म्हटलं तरी तो आदल्या रात्री झोपत नसे. स्वरूपाला वाटलं, आता हा म्हातारा मान खाली घालणार आणि ट्रॉलीत चढणार. आणि, खरं सांगायचं तर, तिलाही क्षणभर तेच बरं वाटलं. अर्ज तिच्या मोबाईलवरून गेला होता. वसुलीचा मेसेजही तिथंच येणार होता.

दत्तोबानं काठी बांधाला टेकवली.

"सांग," तो म्हणाला. "सांगायचं तर सांग. पर तुझ्या तळ्याला दोरी हाय का?"

"काय?"

"दोरी. तुझी आई जनावरं धुवाय जाती न्हवं तितं?"

"डोकं फिरलंय तुमचं," दादासाहेब म्हणाला. ट्रॅक्टर वळवताना त्याचं चाक काट्यांवरून गेलं आणि तो शिव्या देत निघून गेला.

त्या दिवसापासून स्वरूपा दोन गोष्टींना भ्यायला लागली. पाण्याला आणि रस्त्याला. मोटरसायकलचा आवाज आला की तिला वाटायचं साहेब आले. मोबाईल वाजला की तो उचलायच्या आधी ती हात पदराला पुसायची. दादासाहेबानं सांगितलं की नाही, हे कुणालाच कळत नव्हतं. मानसिंग एकदा येऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "दत्तोबा, तुझ्यापायी समद्यांच्या गळ्याला फास लागंल." दत्तोबानं त्याला बसायला घोंगडं टाकलं, चहा दिला आणि आपली जाड दोरी मात्र मागून घेतली.

ती दोरी घेऊन तो दोन दिवस ओट्यावर बसला. तिचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याला हाताची मूठ बसेल इतक्या अंतरावर गाठी मारल्या. एक तुकडा आपल्या तळ्यात सोडला, फलकाच्या खांबाला बांधून. स्वतः पाण्यात उतरून, गाठी धरून वर येऊन पाहिला. स्वरूपा वर उभी राहून ठिबकची नळी हातात घट्ट धरून होती, लागली तर.

मग उरलेली दोरी त्यानं खांद्यावर टाकली.

"कुठं निघाला?"

"दादासाहेबाच्यात."

"आवं, तो तुमाला बांधावर पाय ठिऊ देईल का? अंगावर यील."

"यीना का." त्यानं पायात चपला सरकवल्या. "त्याची आई रोज म्हस घिऊन जाती तितं."

"साहेबांची तारीख पुढं गेल्ती, ते आज यायचेत त्याच्याकडं. तुमाला तितंच इचारलं तर?"

दत्तोबानं ऐकलं. हे त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यानं ओवीच्या डोक्यावर हात ठेवला, मग खाली वाकून तिच्या पायांकडं पाहिलं. चपला होत्या पायात.

"काढू नगंस," तो तिला म्हणाला. "तळ्यावर जायाचंच न्हाई, म्हणून काढायच्याच न्हाईत."

तो निघाला. स्वरूपा ओवीचं मनगट धरून काट्यांच्या कुंपणाजवळ उभी राहिली. माळ सपाट आहे, तिथं जाणारा माणूस लांबपर्यंत दिसतो. तो ओढ्यात उतरला, दिसेनासा झाला, पुन्हा वर आला. दादासाहेबाच्या वस्तीच्या अलीकडं रस्ता फुटतो. तिथं इंदापूरच्या अंगानं एक पांढरी गाडी येताना दिसली, मागं धुळीचा लोट. स्वरूपाच्या हाताची पकड इतकी घट्ट झाली की ओवी "आई गं" म्हणाली. गाडी दत्तोबाजवळ हळू झाली, की खड्डा होता म्हणून हळू झाली, ते इतक्या लांबून कळेना. मग धुळीनं दोन्ही झाकून टाकलं, गाडीही आणि माणूसही.

"आई, आबा कुठं हायत?"

स्वरूपानं दुसरा हात कपाळाशी धरला. ती बघत राहिली. धूळ बसत आली तेव्हा गाडी दादासाहेबाच्या फाटकातून आत वळत होती, आणि तिच्या मागोमाग, खांद्यावर दोरी असलेला एक माणूस त्याच फाटकातून आत चालला होता, चालीत काही फरक न करता.